इकडील सर्व क्षेम

येडशीला रेल्वे आली ती धाराशिवच्या कितीतरी आधी. बालाघाटाच्या कडेला, रामलिंगाच्या झाडीजवळून बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फूट रुंदीचे रूळ गेले होते. जिल्ह्याच्या गावाला मात्र गाडी नव्हती. धाराशिवच्या माणसाला आगगाडीत बसायचं तर येडशी गाठावी लागे. ही लाइन १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि पुढे पूर्वेकडे सरकत १९११ मध्ये लातूरला पोचली. त्याच वर्षी हैदराबादच्या गादीवर निजाम म्हणून मीर उस्मान अली खान बसले. येडशी त्यांच्या मुलखात, बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. गाडीत बसून थोडं अंतर कापलं की राज्य बदलायचं, सरकार बदलायचं, कचेरीची भाषासुद्धा बदलायची.

ही रेल्वे बांधणारा इंजिनीअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात याच माणसाने विमानातून उडी मारण्याची छत्री तयार केली. तिला नाव दिलं ‘गार्डियन एंजल’. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ती वापरली गेली, पण आपल्याच वैमानिकांच्या पाठीला ती बांधायला इंग्रज सेनाधिकारी शेवटपर्यंत कां कूं करत राहिले. येडशीच्या रुळांचा आणि त्या युद्धाचा हा एक आडवळणाचा संबंध. दुसरा संबंध सरळ आहे. कुर्डुवाडीला मुंबईची मोठी लाइन मिळे. सोलापूर, पुणे, नगरकडची पोरं रेल्वेनेच मुंबईच्या गोदीवर गेली आणि तिथून बोटीत चढली. काही फ्रान्सला, बहुतेक इराकमधल्या बसऱ्याला. त्यांची पत्रंही उलट्या वाटेने आली: बोट, गोदी, टपालाचा डबा, छोटं स्टेशन, आणि पुढे पायी चालणारा टपालवाला.

या पत्रांत बापाला लिहिलेली पत्रं पुष्कळ. त्याला कारणही साधं होतं. कारभार बापाच्या हातात, जमीन बापाच्या नावावर, मनीऑर्डर बापाच्या अंगठ्यावर. बायकोला थेट पत्र लिहिण्याची रीत शेतकरी घरात नव्हतीच. तिची विचारपूस करायची ती बापाच्या पत्रात, तीही ‘घरची मंडळी’ अशा आडोशाने.

पलटणीत जायचं कोणी, हे इंग्रज सरकारने आधीच ठरवून टाकलं होतं. १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्‌सच्या मते लढाऊ माणूस उत्तरेत जन्मतो. त्यामुळे भरतीचा ओघ पंजाबकडे वळला. मुंबई इलाख्यात मराठा पलटणी शिल्लक राहिल्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा आकड्यांच्या. खडकीला बॉम्बे सॅपर्स होते, त्यांच्यातही मराठे होते. महारांना मात्र १८९० च्या दशकात दार बंद झालं. ज्यांच्या आज्यापणज्यांनी कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत सुभेदारी केली, त्यांच्या पोरांना शिपाईगिरीही मिळेना. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला, तोही वाऱ्यावर गेला.

शिपायाचा पगार महिना ११ रुपये, लढाईवर भत्ता वेगळा. आज हा आकडा हास्यास्पद वाटेल. पण ज्या रानात दर चार-पाच वर्षांनी पाऊस दगा देतो, तिथे पावसावर अवलंबून नसलेले ११ रुपये म्हणजे काय, हे सोलापूर-धाराशिवकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. थोरल्याने औत धरायचं, धाकट्याने पलटण. ‘सम्राटासाठी’ वगैरे भाषा भरतीच्या जाहिरातीत होती. घरातला हिशेब बियाणं, सावकार आणि बहिणीचं लग्न या तीन गोष्टींवर चाले.

निजामाचं गणित आणखी वेगळं. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरलं. तुर्कस्तानचा सुलतान हा जगभरच्या सुन्नी मुसलमानांचा खलिफा. इंग्रजांना धास्ती पडली. त्याच महिन्यात उस्मान अली खानांनी जाहीरनामा काढून मुसलमानांना इंग्रजांशी इमान राखायला सांगितलं. पैसाही ओतला. फ्रान्सला गेलेलं २० वं डेक्कन हॉर्स आणि इजिप्त-पॅलेस्टाईनला गेलेले हैदराबादचे लान्सर यांचा खर्च त्यांनी उचलला. डेक्कन हॉर्समध्ये शीख, जाट यांच्याबरोबर दख्खनी मुसलमान स्वार होते. १४ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत, हाय वुड नावाच्या जंगलाजवळ, या पलटणीने मशीनगनच्या जमान्यात भाले रोखून घोडे घातले. पत्रं त्याही घरांत येत होती. फक्त त्यांचा मायना उर्दूतला.

मराठी पत्राचा मायना ठरलेला. ‘तीर्थरूप दादांचे सेवेसी, अपत्याचा चरणावर मस्तक ठेवून शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे.’ साधारण या साच्यात पत्राची सुरुवात होई. गंमत अशी की हा मायना शांततेच्या काळासाठी घडलेला होता. मुलगा पुण्याला नोकरीला असला तरी हेच, चिखलाच्या खंदकात बसला असला तरी हेच. खोटं बोलायचं नसलं तरी रीतच त्याच्याकडून ‘क्षेम’ लिहून घेई. लढाईवरच्या शिपायाला टपालखर्च माफ होता. पत्त्यात गाव लिहायचं नाही, फक्त पलटण आणि फौजेचं अक्षर. इंडियन एक्सपिडिशनरी फोर्स ए म्हणजे फ्रान्स, बी म्हणजे पूर्व आफ्रिका, डी म्हणजे इराक, ई म्हणजे इजिप्त. गावातल्या बापाला आपला पोरगा जगाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे हे कळायचं ते एका इंग्रजी अक्षरावरून, आणि तेही ते अक्षर वाचणारा कोणी भेटला तर.

तो भेटणं सोपं नव्हतं. १९११ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शंभरांतले सहा जणही साक्षर नव्हते. हातचा पत्रव्यवहार मोडीत चाले. म्हणजे पत्र लिहिणारा पलटणीतला कोणी शिकलेला नाईक किंवा कारकून, वाचणारा गावातला कुलकर्णी नाहीतर शाळामास्तर. मुलगा सांगणार, दुसरा लिहिणार, तिसरा वाचणार आणि बाप ऐकणार. सावकाराशी भांडण, भावकीतला बांध, बायकोचं दुखणं, सगळं चारचौघांत उघड होणार हे दोन्ही टोकांना ठाऊक. अशा पत्रात माणूस मोकळा कसा होईल?

आणि १९१४ च्या अखेरीपासून या रांगेत आणखी एक माणूस येऊन बसला. फ्रान्समधल्या हिंदी शिपायांपर्यंत क्रांतिकारी गदर पक्षाची पत्रकं पोचू नयेत, म्हणून सरकारने एक खास अधिकारी नेमला: इव्हलिन हॉवेल. मूळचा मुलकी नोकरीतला, भाषा जाणणारा. त्याचं काम आधी फक्त येणारं टपाल पाहण्याचं होतं, मग जाणारंही त्याच्याकडे आलं. बुलोन या फ्रेंच बंदरगावात त्याची कचेरी. मार्च १९१५ च्या सुमाराला फ्रान्समधले हिंदी शिपाई आठवड्याला १० ते २० हजार पत्रं लिहीत होते. इतकी पत्रं मूठभर माणसांनी वाचणं अशक्यच. निवडक पत्रं उघडायची, उताऱ्यांचं इंग्रजी भाषांतर करायचं आणि दर आठवड्याला अहवाल लंडनला धाडायचा.

हॉवेल हुशार होता. सगळी रडगाणी अडवली तर पलटणीत बोभाटा होईल हे त्याने ओळखलं आणि बहुतेक पत्रं पुढे जाऊ दिली. त्याची एक नोंद मला विलक्षण वाटते. १९१५ च्या सुरुवातीला त्याला दिसलं की शिपाई पत्रांत कविता लिहू लागलेत, आणि त्याने ते मन बिघडत चालल्याचं लक्षण मानलं. आपल्याकडे दळणाला बसलेली बाई दुःख ओवीतच सांगते. साहेबाला ही रीत ठाऊक नव्हती, तरी निदान त्याने अचूक केलं.

तोवर घडलं काय होतं? सप्टेंबर-ऑक्टोबर १९१४ मध्ये हिंदी फौज मार्सेयला उतरली आणि उन्हाळी कपड्यांनिशी फ्लँडर्सच्या चिखलात लोटली गेली. २८ ऑक्टोबरला नव्ह शापेल या खेड्यावर ४७ व्या शीख पलटणीबरोबर बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या चालून गेल्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा, सुरुंग लावणारा कारागीर शिपाई. त्यांना त्या दिवशी पायदळासारखं घरोघर संगिनीने लढवलं. गाव हाती आलं, टिकवता आलं नाही, आणि त्या कंपन्यांचं कंबरडं मोडलं. पुढच्या वर्षी १० मार्चला त्याच गावासाठी मोठी लढाई झाली.

त्या हिवाळ्यातली पत्रं ‘इकडील क्षेम’ या मायन्याखाली दबत नाहीत. एका जखमी शिपायाने लिहिलं की हे युद्ध नव्हे, हा जगाचा शेवट आहे, महाभारतात घडलं तसंच. कोणी भावाला बजावतं की भरती होऊ नकोस. हे उघड लिहिता येत नसे म्हणून काळी मिरी आणि लाल मिरची अशा शब्दांचा आडपडदा. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असं कोणी लिहिलं की अर्थ घरी बरोबर पोचे. हॉवेललाही तो कळे, पण मिरीच्या भावावर बंदी कशी घालणार?

सगळ्यात खोल गाऱ्हाणं जखमींचं होतं. शिपायाचा समज असा की गोळी लागली म्हणजे ऋण फिटलं, आता घरी. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या राजवाड्यात थाटलेल्या इस्पितळात त्याची चांगली देखभाल झाली, जातीधर्माप्रमाणे वेगळी स्वयंपाकघरं सुद्धा ठेवली गेली, आणि मग बरा झाल्यावर त्याला पुन्हा खंदकात पाठवलं. हा त्याला करारभंग वाटला. पत्रांतून ही जखम वारंवार ठणकते.

पण पत्रं नुसती रडकी नाहीत. फ्रान्सच्या शेतकऱ्याकडे आपल्या शेतकरी पोराने फार बारकाईने पाहिलं. तिथल्या गाई, लोणी काढायची तऱ्हा, नवरा लढाईवर गेला तर बाई एकटी औत हाकते हे दृश्य. बायका लिहितात-वाचतात याचं तर त्याला अप्रूपच. मुलींना शाळेत घाला, असं घरच्यांना बजावणारी पत्रं त्या गठ्ठ्यांत आहेत. १९१५ साली, खंदकातून. त्याच पत्रात पुढच्या ओळीला बैल विकू नका, अमक्याचे पैसे आधी फेडा, माझ्या लग्नाची बोलणी आत्ताच नको.

१९१५ च्या अखेरीस हिंदी पायदळ फ्रान्समधून हललं आणि इराककडे गेलं. मराठा पलटणींची खरी लढाई तिथेच होती. सहावी, म्हणजे पूना डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्येच फाव बंदराला उतरून बसऱ्यात शिरली होती. काम होतं इराणी तेलाची वाट राखण्याचं. पण एकेक गाव सहज पडत गेलं तशी साहेबांची नजर बगदादवर गेली. एप्रिल १९१५ मध्ये शैबा, जुलैत नासिरिया, सप्टेंबरअखेर कूत. जनरल टाउनशेंड टायग्रिस नदीने वर चढत राहिला. मागे रसद नाही, बोटी पुरेशा नाहीत, औषधं नाहीत. २२ नोव्हेंबरला टेसिफोनला तुर्कांनी अडवलं. साडेचार हजारांवर माणूस कामी आला किंवा जखमी झाला. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांत घालून मागे आणलं. फौज कूतच्या नदीकाठच्या वळणात येऊन थांबली, आणि ७ डिसेंबरला वेढा आवळला गेला. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या.

जवळजवळ पाच महिने. या दिवसांत कूतमधून घरी टपाल जाऊ शकलं नाही. बिनतारी यंत्र होतं, ते साहेबांच्या संदेशांसाठी. म्हणजे सातारा, रत्नागिरी, पुणे, सोलापूरकडच्या हजारो घरांत डिसेंबर १९१५ पासून बोटभरसुद्धा कागद आला नाही. फ्रान्सच्या पत्रांबद्दल इतकं लिहिता येतं कारण ती कोणीतरी उघडली. कूतबद्दल शिपायाच्या घरी पोचली ती नुसती शांतता.

आत भुकेचं राज्य. जानेवारीपासून घोडी आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस नाकारलं. टाउनशेंडने बिनतारीवरून हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आलीही. तरी शिपाई मानेना. पोथीत काय लिहिलंय यापेक्षा परत गेल्यावर गाव काय म्हणेल, घरात पंगतीला घेतील का, पोरीशी कोण सोयरीक करील, हा त्याचा प्रश्न होता. इंग्रज इतिहासकार याला हट्ट म्हणतात. मला त्यात एक साधा हिशेब दिसतो: माणूस घरी परतण्याची तयारी करत होता. मांस न खाणाऱ्यांना स्कर्व्हीने गाठलं, हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. एप्रिलमध्ये नाइलाजाने बहुतेकांनी खाल्लं. त्याच महिन्यात विमानातून पिठाची पोती टाकली गेली, काही नदीत पडली, काही तुर्कांच्या पलीकडे. वेढा फोडायला बाहेरून आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मेली वा जखमी झाली. आतल्या माणसांपेक्षा ती कितीतरी जास्त. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंडने शरणागती पत्करली.

सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. त्यांतले बहुसंख्य हिंदी. शिपाई, पाणक्ये, आचारी, डोलीवाले. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायाला बगदाद, मोसुल करत वाळवंट पायी तुडवत रास अल-ऐनपर्यंत जावं लागलं, बगदाद रेल्वेच्या कामावर. ज्या पोरांनी गावातल्या छोट्या स्टेशनावर गाडी धरली होती, ती तुर्कांच्या रुळांखालची खडी फोडत मेली. जे तगले, त्यांची कार्डं रेडक्रॉसमार्फत महिनोन्महिन्यांनी येत. त्यावर मोजकी अक्षरं. पण तीर्थरूपांना नमस्कार तेवढा असे, कारण त्याच्यावर कुठल्याही सेन्सॉरची कात्री चालत नव्हती.

बगदाद मार्च १९१७ मध्ये पडलं. फौजेला माणसं कमी पडू लागली तेव्हा ‘लढाऊ जमातीं’चं शास्त्रही सैल झालं. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्धपरिषद भरवली. माणसं द्या, असं सरकार म्हणत होतं. टिळक म्हणत होते, देऊ, पण आमच्या पोरांना अधिकारी करा. विलिंग्डनने त्यांना बोलता बोलता थांबवलं आणि टिळक सभा सोडून गेले.

त्याच महिन्यात मुंबईच्या गोदीवरचे काही पोलीस शिपाई तापाने फणफणले. बोटींतून उतरलेला हा ताप सप्टेंबरमध्ये पुन्हा उसळला आणि रेल्वेने गावोगाव पोचला. इन्फ्लुएंझा. वर त्या साली पाऊस नाही. हिंदुस्थानात या साथीने एक कोटी वीस लाखांहून अधिक माणसं नेली, आणि मुंबई इलाखा व दख्खन यांना तिचा तडाखा विशेष बसला. चार वर्षं बाप मुलाच्या पत्राची वाट पाहत होता, आता उलट झालं. बसऱ्याला धडधाकट उरलेला शिपाई तिकडील क्षेम विचारत राहिला आणि तिकडे उत्तर लिहवून घेणारं कोणी राहिलं नाही. लढाईच्या हिशेबात दहा लाखांवर हिंदी माणूस परदेशी गेला, सुमारे ७४ हजार परतले नाहीत. साथीत गेलेले बाप या हिशेबात कुठेच नाहीत.

नंतर मानसन्मान झाले. ११७ व्या पलटणीला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. १९२२ मध्ये मराठा पलटणींची पुनर्रचना होऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री उभी राहिली. निजामांना ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ असा किताब मिळाला. महार पलटण मात्र युद्ध संपल्यावर मोडीत निघाली आणि पुन्हा उभी राहायला दुसरं महायुद्ध यावं लागलं. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याहून गेलेल्यांतले ४६ जण परतले नाहीत. त्या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. इतर पुष्कळ गावांत एक संगमरवरी फरशी लागली: या गावातून इतके महायुद्धास गेले, पैकी इतके कामी आले. आकडे आहेत, नावं नाहीत.

आणि पत्रं? गावात पोचलेली पत्रं फडताळात, देवघरात, पत्र्याच्या पेटीत राहिली. वाळवीने, पावसाने, घरं पडण्याने बहुतेक संपली. मोडी वाचणारेही कमी होत गेले. हॉवेलने उतरवून घेतलेले उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत शिस्तीत लावून ठेवलेले आहेत, पण इंग्रजीत. म्हणजे बापाला सांगितलेलं शिल्लक उरलं ते सरकारने चोरून ऐकलं म्हणून, आणि तेही परक्या बोलीत. त्यातला ‘डियर फादर’ म्हणजे मुळात दादा होता, आबा होता की तात्या, हे त्या कागदावरून उमजत नाही.

इराकमध्ये मेलेल्यांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झालं. चाळीस हजारांहून अधिक माणसांचं. गोऱ्या शिपायाचं नाव दगडावर कोरलं गेलं. हिंदी शिपायाचं नाही. तिथे अधिकाऱ्यांची नावं आणि पलटणीपुढे नुसती संख्या. नव्वदहून अधिक वर्षांनी, २०२१ मध्ये, राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने ही वागणूक अन्यायाची होती असं कबूल केलं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या सरकारने ते स्मारक उचलून नासिरियाच्या वाटेवर वाळवंटात नेऊन उभं केलं, ते आजही तिथेच आहे. पण आयोगाच्या नोंदवहीत हिंदी शिपायाची नावं आहेत. पलटण, हुद्दा, मृत्यूची तारीख, आणि पुष्कळ नोंदींत त्याच्याखाली एक ओळ: अमक्याचा मुलगा, राहणार अमकं गाव, तालुका, जिल्हा. रोमन लिपीत, साहेबी कानाने ऐकलेलं, अर्धंमुर्धं बिघडलेलं, पण बापाचंच नाव.